बिनखोडीचा ग्लास

"अरे, दार लाव! डोकं फिरलंय का तुझं?" भट्टीवरचा जोडीदार ओद्वार ओरडला.

हाल्वारने काच निववायच्या ओव्हनचं दार उघडलं होतं. काच सावकाश निवावी लागते, रात्रभर तरी, नाहीतर तडकते. जन्मभर तो नव्या पोरांना हेच बजावत आला होता. शिव्या घालून.

"हॉस्पिटलमधून फोन आलाय," तो म्हणाला. "बोर्गिल आजचा दिवस काढेल असं वाटत नाही म्हणतात."

ओद्वार जवळ आला.

भट्टी आज कायमची विझणार होती. दोनशे वर्षांची भट्टी. हाल्वारच्या आजोबांनी इथे मासेमारांच्या जाळ्यांना बांधायचे काचेचे गोळे फुंकले, वडलांनी दिव्यांच्या चिमण्या, त्याने ग्लास. चांगला माल ऑस्लोच्या दुकानात जायचा. कामगारांच्या घरी यायचा तो वाकडा, बुडबुडा राहिलेला. लग्नापासून त्याची बायको बोर्गिल असल्याच ग्लासांतून पाणी प्यायली. गेल्या आठवड्यात म्हणाली, "एवढा मोठा कारागीर नवरा, नि मला मेलीला एक धड ग्लास नाही." हसत म्हणाली. पण त्याला लागलं.

आज शेवटच्या काचेतून त्याने तिचा ग्लास फुंकला. एक बुडबुडा नाही. तोच आता त्याने ओव्हनमधून बाहेर काढला.

"तडकेल रे," ओद्वार हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे."

ओद्वारने अंगातला लोकरी स्वेटर काढला. "यात गुंडाळ. बाहेर बर्फ पडतोय."

बसमध्ये हाल्वारने ते गाठोडं कोटाच्या आत, पोटाशी धरलं. हललासुद्धा नाही.

बोर्गिल जागी होती. त्याने ग्लासात पाणी ओतलं. टिक्. एक बारीक रेघ बुडापर्यंत गेली.

"घाई केली मी," तो म्हणाला.

"दाखव तरी."

त्याने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. ती बघतच राहिली. "अगं बाई! काच दिसतच नाही. पाणीच उभं आहे नुसतं."

"तडा गेलाय गं."

"मला नाही दिसत. पाज."

खरंच दिसत नव्हता की कसं, त्याने विचारलं नाही. एका हाताने ग्लास तिच्या ओठांना लावला, दुसरा तळवा खाली धरला. थेंब थेंब पाणी त्याच्या बाहीत उतरत होतं. दोन घोट गेले. तिसरा ओठांतून परत आला.

नर्स आली. तिने नाडी पाहिली, बोर्गिलचे डोळे मिटले.

"हाल्वार, ठेवा आता तो खाली."

"ठेवतो," तो म्हणाला. "अजून थोडं आहे यात."

आणि तळवा तसाच धरून बसला.