रेघेच्या आधी

दुरुस्तीवाल्या बाईंनी छापखान्यातला संगणक तिसऱ्यांदा बंद करून सुरू केला आणि पडद्यावरून सरकणाऱ्या ओळींपैकी एकीवर बोट ठेवलं.

“ही बघा. सुरू होताना स्वतःचं नावच घेत नाहीये. म्हणून छपाईयंत्राला हा सापडत नाही.”

छापखाना चालवणारा बापू मागे उभा होता. शाळेच्या प्रश्नपत्रिका संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या आणि आठवडाभर तो पेनड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालत होता.

बाईंनी संगणकाच्या नावाची फाइल उघडली. आत एकच ओळ होती: एक आडवी रेघ आणि तिला चिकटून ‘बापू’, इंग्रजी अक्षरांत.

“रेघेने सुरू होणारं नाव याला चालत नाही. तिच्या आधी काही होतं का?”

“अण्णा,” बापू म्हणाला. “थोरला भाऊ. गेल्या महिन्यात वेगळे झालो. एका म्यानात दोन तलवारी किती दिवस राहणार? मागच्या सोमवारी मी त्याचं नाव खोडलं.”

“रेघ राहिली.”

“राहिली खरी.”

“जुनं नाव घालून बघते. दोष एवढाच आहे का, ते कळेल. मग हवं ते ठेवा.”

बापूने मान हलवताच बाईंनी रेघेच्या आधी ‘अण्णा’ टाइप केलं.

या खेपेला संगणक मुकाट सुरू झाला. पलीकडच्या खोलीत छपाईयंत्र घरघरलं आणि अडकलेल्या प्रश्नपत्रिका छापू लागलं. पाठोपाठ पडद्याच्या कोपऱ्यात एकामागून एक सात फाइली येऊन पडल्या.

“हे काय?”

“या नावाला पाठवलेलं अडकून पडलं होतं. पाठवणारा संगणक बिचारा प्रयत्न करत राहतो.”

बापूने पहिली फाइल उघडली. शाळेने सवयीने दोन्ही भावांना प्रुफं पाठवली होती, आणि अण्णाने घरी बसून ती तपासून या संगणकाकडे पाठवली होती. समासात त्याच्या लाल खुणा होत्या. बीजगणिताच्या चौथ्या प्रश्नात वजाच्या जागी अधिक पडलं होतं. ते पान बापूने स्वतः दोनदा वाचलं होतं.

त्याने आत जाऊन यंत्र थांबवलं.

“मग आता नाव काय ठेवू?” बाईंनी विचारलं.

बापूच्या कानाला फोन होता.

“अण्णा, चौथ्यातली चूक बरोबर पकडलीस. पण सातव्यातली तुझी खूण मला पटत नाही.”

 पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

“वाच बघू,” अण्णा म्हणाला.