खांदे सोडवणारी कप्पी

मित्रांनो, मी कोंढा गावच्या विहिरीवरची जुनी लोखंडी कप्पी. तीस वर्षे मी गावाचे पाणी ओढले. घरोघरी नळ आले तेव्हा लोकांनी माझे फार कौतुक केले आणि मला भंगारात टाकले.

तिथून मला उचलले कामिनी मॅडमनी. त्या दर मंगळवारी पवनीहून येतात आणि आखडलेल्या खांद्यांना, दुखऱ्या गुडघ्यांना व्यायाम शिकवतात. त्यांनी मला समाजमंदिराच्या छताच्या कडीला टांगले, नवी दोरी घातली, दोरीच्या दोन्ही टोकांना मुठी बांधल्या. खाली खुर्ची ठेवली. चांगल्या हाताने दोरी हळू खाली ओढली की आखडलेला हात वर जातो. रोज येऊन दहा वेळा करायचे, मग थांबायचे.

बादली कधी खोटे बोलली नाही, माणसे बोलतात. कोणाला किती दुखते ते मला दोरीच्या ताणावरून कळते. सर्वांत मोठ्याने कण्हतो धनीराम; त्याचा हात सहज कानापर्यंत जातो, तो पंख्याखाली बसायला येतो. आनंदाबाई तोंडातून ब्र काढत नसे, आणि तिचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता.

तीन महिने तिच्या केसांचा आंबाडा तिचा नवरा ताराचंद घालत होता. धानाची पेंढी बांधावी तसा.

"भाऊजीनं आज दोन गाठी मारल्या का व?" शेजारची चंद्रकांता विचारी. आनंदाबाईही हसे, पण दोरी थरथरे. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागायच्या आत स्वतःचा आंबाडा स्वतः घालायचा, एवढेच तिला हवे होते.

मग तिने रोवणीत सर्वांच्या पुढे राहणारी बाईच करील अशी चूक केली. चंद्रकांताने दहा वेळा ओढले की ही वीस, तिने पंधरा की ही चाळीस, तेही झटक्याने.

"हळू कर ना व," गावात आरोग्याचे काम बघणारी आशाताई रीना म्हणाली.

"हळूनं काय होते? मले रोवणीच्या आंधी बरं व्हाचं हाये."

मी करकरले. रीनाला वाटले, मला तेल हवे. तिने तेल घातले.

दुसऱ्या दिवशी आनंदाबाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मित्रांनो, मला फिरता येते, पण चालता येत नाही. आठ दिवस मी दाराकडे बघत होते. बाया म्हणाल्या, "तिले आराम पडला असन." आराम पडला असता तर आंबाडा मिरवायला ती सर्वांत आधी आली असती.

मंगळवारी कामिनी मॅडमनी विचारले, तेव्हा कुठे रीना तिच्या घरी गेली. आनंदाबाई हात पोटाशी धरून पडली होती.

"मी नाही येत. सारे मोजतीन, मी किती मांगं राहिली ते."

"नको येऊ. कप्पीच आणतो," रीना म्हणाली.

मला तिच्या घरापुढच्या छपरीच्या लाकडी फाट्याला टांगले. आधी काही दिवस नुसता शेक, मग दोरी. मोजायचे काम ताराचंदकडे. त्याच्याइतके हळू कोंढ्यात कोणी मोजत नाही. चंद्रकांताही रोज संध्याकाळी तिथेच येऊ लागली. दोघी पाळीने ओढत, दहाच.

रोवणी लागली, अर्धी उरकली. आनंदाबाई घरीच होती. एका सकाळी तिने ताराचंदच्या हातातली फणी काढून घेतली. हात दुखत दुखत मानेमागे पोचला. आंबाडा वाकडा झाला. ती रोवणीला निघाली; शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पोचेपर्यंत तो सुटला आणि तिने चिखलाच्या हाताने पुन्हा घातला, हे चंद्रकांता सांगत आली. ताराचंद सकाळपासून केसांचा आकडा हातात घेऊन उभाच होता.

"आता माह्यं काय काम?" तो म्हणाला.

मी परत समाजमंदिरात आले आहे, पण मला चैन नाही. मित्रांनो, येणाऱ्यांची वाट बघणे सोपे आहे. न येणाऱ्याच्या दारी जावे लागते. तलावाकाठचे श्यामराव चार दिवसांपासून दिसले नाहीत. त्यांचा डावा खांदा आखडला आहे. बाया म्हणतात, त्यांना आराम पडला असेल. कोणीतरी मला या कडीवरून काढा.