पुलावरची खुर्ची

ओढ्यावरचा तो लाकडी पूल होता सरकारचा, पण गल्लीत कुणालाही विचारलंत तर उत्तर यायचं, सुतारकाकांचा. फळी हलली की लोक पालिकेत जायचे नाहीत, काकांच्या दारात यायचे. आतही यायचे नाहीत, रस्त्यावरूनच ओरडायचे, "काका, मधली फळी करकरतेय हं!" आणि चालू लागायचे. काकाही असे हौशी, की तोंडातला घास संपायच्या आत हातोडी शोधायला उठायचे.

काकूंना याचं आधी कौतुक होतं, मग चीड आली, आणि आता नुसती भीती उरली होती. गेल्या खेपेला पुलाखालच्या तुळईला खिळा मारताना काकांचा पाय निसटला आणि सत्तरी ओलांडलेला माणूस एका हातावर लोंबकळला. दूधवाला नेमका तिथून जात होता म्हणून निभावलं. घरी आल्यावर काकूंनी बजावलं.

"पुन्हा त्या पुलाखाली उतरलात तर मी माहेरी निघून जाईन."

"माहेरी कोण उरलंय तुझ्या?"

"कुणी का नसेना. तिथे एकटी राहीन, पण इथे बसून तुमची वाट बघणार नाही."

शेवटी दोघं पालिकेत गेली. काका भिडस्त, म्हणून बोलायला काकू. पुलांचं खातं बघणारे साहेब तरुण होते, आणि काकूंना वाटलं होतं तितके वाईट मुळीच नव्हते. त्यांनी दोघांना बसायला दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"काकू, आमच्याकडे माणसं थोडी आणि मोडके पूल ढीगभर. तुमचा पूल तर एकदम ठणठणीत आहे. आमचा माणूस दरवर्षी बघून येतो, एक फळी हलत नाही."

"हलत नाही, कारण हे हलू देत नाहीत!"

"मग छानच की!" साहेब अगदी मनापासून म्हणाले. "असे नागरिक पाहिजेत."

परतताना काकांची मान ताठ झाली होती. काकूंच्या मात्र डोक्यात उजेड पडत होता. या माणसाने इतकी वर्षं फळ्या पुलावर ठोकल्याच नव्हत्या, पालिकेच्या डोळ्यांवर ठोकल्या होत्या.

"तुम्ही वरून बसवलेल्या फळ्या काढा," त्या म्हणाल्या.

"वेड लागलंय का? लोक पडतील."

"पडू द्यायचं नाही. वाट बंद करून आपण तिथे बसायचं. पण उसनं लावलेलं काढून घ्यायचं."

दोन दिवस भांडण चाललं. तिसऱ्या दिवशी काकांनी आपल्या फळ्या एकेक करून उपटल्या. उरल्या त्या सरकारच्या, काळ्या पडलेल्या, आणि त्यांच्यामधून खालचं पाणी दिसत होतं. अलीकडे दोरी बांधून काका खुर्ची टाकून बसले. पलीकडे दूधवाल्याने दोरी बांधली.

गल्ली खवळली, पण काकांवर.

"हे काय मांडलंय?" शिंपीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझी सगळी गिऱ्हाइकं पलीकडे!"

"पालिकेत सांगा."

"पालिकेचा काय संबंध? पूल तुमचा!"

काकांचा चेहरा असा उतरला, की काकूंना त्यांच्याकडे बघवेना. आणि पलीकडच्या शाळेत जाणारी पोरं आता मोठ्या रस्त्याने, ट्रकांच्या बाजूने जाणार होती. हे आधी सुचलं कसं नाही? सकाळ-संध्याकाळ काकू स्वतः पोरांना कडेकडेने नेऊन सोडू लागल्या, आणि वाटेत मनाशी म्हणत राहिल्या, एखाद्या पोराला खरचटलं तरी दोष माझा.

"उद्या ठोकून टाकतो," काका रोज म्हणायचे. "उद्या बघू," काकू म्हणायच्या.

गल्लीतून पालिकेत पहिल्या गेल्या त्या शिंपीणबाई. गेल्या त्या काकांची तक्रार घेऊन. म्हाताऱ्याने सरकारी पूल मोडला!

साहेब त्याच दुपारी आले. सोबत दोन कामगार, कपाळावर आठ्या. "काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सरकारी मालमत्ता तोडलीत?"

काका उठून उभे राहिले. काकू पुढे झाल्या.

"साहेब, काढलं ते यांचं होतं, घरी रचून ठेवलंय. सरकारचं सगळं जागच्या जागी आहे. मोजून घ्या."

साहेब दोरीखालून वाकून पुढे गेले. एका काळ्या फळीवर बूट टेकला तर ती ओल्या पावासारखी दबली. त्यांनी पाय मागे घेतला आणि भोकातून खालच्या पाण्याकडे पाहिलं.

"दरवर्षी आमच्या माणसाने बघितलं ते..."

"ते यांचं काम," काकू हळूच म्हणाल्या. आता त्यांनाच त्या पोरगेल्या साहेबांची दया आली होती.

पुढल्या आठवड्यात गाडीभर लाकूड आलं. पालिकेचे कामगार ठोकत होते आणि काका काठावर तळमळत होते.

"अगं, खिळा तिरपा जातोय."

"जाऊ दे."

"वाकेल तो."

"वाकला तर तेच काढतील." काकूंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं.

काम संपलं, साहेब बघायला आले आणि दोरी सुटली. शिंपीणबाई सगळ्यांच्या आधी पुलावर गेल्या आणि मधोमध थबकल्या. पायाने फळी दाबली, वळल्या. "काका, ही जरा..."

काका पाऊल उचलणारच होते. शिंपीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि आवाज चढवला.

"अहो साहेब! इकडे या बघू. ही हलतेय."

साहेबांनी हातातला चहा कठड्यावर ठेवला, कामगाराला हाक मारली, आणि विजारीचे पाय दुमडत पुलाखाली उतरू लागले.