निळा कीस

लेथखाली पडलेला लोखंडाचा कीस लिडियाबाई रोज सकाळी स्वतः झाडायच्या. झाडायला दुसरं कुणी मिळालं नसतं असं नाही. पण कीस बघितल्याशिवाय भंगारात टाकायचा नाही, ही एडविनची शिकवण होती. एडविनने सुप्याच्या रस्त्याला पत्र्याचं शेड टाकून लोखंड कातायचा पहिला लेथ बसवला, तेव्हा आजूबाजूला नुसता माळ होता आणि दिवे लागायच्या वेळी शेडमागून कोल्हे जायचे. लिडिया तेव्हा श्रीरामपूरहून नवी नवरी होऊन आलेली. कारखान्याची तिला काही माहिती नव्हती. एडविन तिला मशीनशेजारी उभं करायचा आणि म्हणायचा, "माणूस खोटं बोलेल, कीस बोलत नाही. पांढरा आला तर टूल सुखात आहे. सोनेरी आला तर जरा जपून. निळा आला तर मशीन थांबव, काहीतरी जळतंय."

एडविनला जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि दिवाळीपासून लेथखाली रोज निळा कीस पडत होता.

तोही कसा, मोराच्या मानेसारखा निळाजांभळा, नखाएवढे आखूड वळलेले तुकडे. एडविनच्या हातचा कीस लांबलचक निघायचा, सोललेल्या उसाच्या सालीसारखा कुरळा, चकचकीत. लिडियाबाई सुपलीतला निळा कीस बोटाने हलवायच्या आणि लेथवर उभ्या असलेल्या आवेजच्या पाठीकडे बघायच्या.

आवेज पारनेरचा, पस्तिशीचा टर्नर. एडविननेच त्याला हाताशी धरून शिकवलं होतं. कामाला वाकडा नव्हता, बोलायला गोड होता, पण गोड बोलणाऱ्याकडे दोनदा बघावं असं लिडियाबाईंची आई म्हणायची. पूर्वी दिवसभरात आठ शाफ्ट, म्हणजे यंत्राचे गोल दांडे, उतरवणारा माणूस आता दुपारच्या चहालाच आठ पुरे करत होता. मग उरलेला वेळ कुठं जात होता? शर्टाच्या वरच्या खिशात एक चपटी डबी असायची. बाई जवळ आल्या की आवेजचा हात आपोआप खिशावर जायचा. एकदा त्यांनी सहज विचारलं, तर म्हणाला, बडीशेप हाय. बडीशेपेची डबी कोणी असं छातीशी धरत नाही.

माप मात्र त्यांनी कुणाच्या हातात दिलं नव्हतं. एडविनचा मायक्रोमीटर, दोन तोंडांत धरून जाडी मापायचं हत्यार, मखमलीच्या डबीत, त्यांच्या टेबलाच्या खणात कुलपाखाली असायचा. दर शनिवारी त्या तो पुसायच्या, तेलाचं बोट फिरवायच्या आणि परत ठेवायच्या. मशीनच्या तेलाची एडविनने आणलेली बाटली दिवाळीला संपली, तेव्हापासून घरचं करडईचं, घाण्यावरचं शुद्ध तेल लावत होत्या. आदल्या दिवशी झालेले शाफ्ट त्या सकाळी स्वतः मापायच्या. पंचवीस मिलिमीटर म्हणजे पंचवीस. त्यावर बेअरिंग बसायचं असतं. दिवाळीनंतर आवेजचे शाफ्ट दोन घरं मोठे निघू लागले. मायक्रोमीटरवरचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. दोन घरं म्हणजे डोक्याच्या केसाचा जेमतेम तिसरा हिस्सा. पण चूक ती चूक. त्यांनी आठवडाभर खडूने फुल्या मारून शाफ्ट परत केले. आवेजने पहिल्या दिवशी तोंड उघडलं, वर्कशॉपातला दुसरा मायक्रोमीटर पुढे केला. लिडियाबाईंनी एवढंच सांगितलं की या घरात एडविनचं माप चालतं. त्यानंतर तो मुकाट्याने ताळ्यावर आला.

आणि आता औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतून फोन आला होता. वीसच्या वीस शाफ्ट सैल आहेत, बेअरिंग हाताने फिरतंय. तिथली तपासनीस पंकजा शनिवारी दुपारी शाफ्ट घेऊन स्वतः येणार होती.

लिडियाबाईंनी मनात सगळं जुळवलं. निळा कीस म्हणजे आग. आवेज खासगी कामासाठी वेळ वाचवतोय, म्हणून भरमसाट वेगाने कापतोय. लोखंड तापलं की फुगतं. तो गरम शाफ्ट मापून पंचवीस म्हणतोय आणि गार झाल्यावर तो आकसतोय. गरम जॉब मापू नये हे एडविनने त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. नगरच्या एका टर्नरला त्यांनी सोमवारपासून यायला सांगून टाकलं. आवेजला त्या पंकजासमोरच सांगणार होत्या, म्हणजे कंपनीलाही कळेल की चूक घराची नाही, माणसाची आहे.

पंकजा आली, शाफ्टची पेटी टेबलावर ठेवली. लिडियाबाईंनी तिला चहा दिला, आवेजला मशीन बंद करायला लावलं आणि सुपलीतला कीस दोघांच्या मधोमध ओतला.

"खिशातलं काढ," त्या आवेजला म्हणाल्या. "बडीशेप दे या मॅडमना."

आवेज जरा घुटमळला. मग त्याने डबी उघडून ठेवली. आत सोनेरी रंगाचे, शेंगदाण्याएवढे, तीन कोनांचे तुकडे होते.

"टिपा हायेत, बाई," तो खाली बघत म्हणाला. "टूलच्या टोकाला बसवायच्या. तुमी म्हन्ला व्हता, साहेबांच्या मशीनला बाहेरचं टूल लावायचं न्हाई. म्हनून लपवल्या."

"म्हणजे माझ्या पाठीमागे."

"व्हय, पाठीमागं. ते खोटं न्हाई."

पंकजाने कीस तळहातावर घेतला, उजेडात धरला. तिने समजावून सांगितलं की जुनं पोलादी टूल तापलं की मऊ पडतं, म्हणून त्या काळी निळा कीस म्हणजे धोका होता. ही टिप तापाला दाद देत नाही. वेगाने कापलं की उष्णता कीसच घेऊन पडतो, शाफ्टला फार लागत नाही. "काकू, टिपेला निळा कीस यायलाच हवा. पांढरा आला तर आमच्याकडे ओरडा बसतो."

लिडियाबाईंना हे पटलं नाही. शिकलेली पोरगी आहे, काहीही सांगेल. कदाचित दोघं आधीच बोललेले असतील. त्यांनी विचारलं, मग शाफ्ट सैल का? आकसले म्हणूनच ना?

"बाई," आवेज म्हणाला, "गरम मापला असता तर मी मापला असता. तुमी तर सकाळी मापता. रातभर गार झालेला."

लिडियाबाईंना वाटलं, पायाखालची जमीन सरकली. चाळीस वर्षं आपण हिशेबशीर विचार करतो असं समजणाऱ्या बाईला एवढी साधी गोष्ट दिसू नये?

पंकजाने पेटीतला एक शाफ्ट पुढे केला. त्यांनी खणाचं कुलूप काढलं, मखमलीतून मायक्रोमीटर उचलला आणि मापला. पंचवीस. बरोबर पंचवीस. त्यांनी विजयाने तो पंकजाकडे वळवला. पंकजाने आपल्या डबीतला मायक्रोमीटर लावला. दोन घरं कमी. आवेजने वर्कशॉपातला दुसरा लावला. दोन घरं कमी.

एक शाफ्ट आणि तीन मापं. त्यातली दोन एका बाजूला. लिडियाबाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा, की कंपनीला माल परत करायला निमित्त हवं असेल. त्या तसं बोलणारही होत्या.

"आधी रिकामं बघ," आवेज हळूच म्हणाला.

ते शब्द त्याचे नव्हते. एडविनचे होते. कुठलाही जॉब मापायच्या आधी एडविन मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं मिटायचा, शून्य येतंय का बघायचा आणि मगच शाफ्टला हात लावायचा. लिडियाबाईंनी हे हजार वेळा पाहिलं होतं. पण स्वतः गेल्या कित्येक महिन्यांत केलं नव्हतं. एडविनचं माप, त्याला काय तपासायचं?

त्यांनी रिकामा मायक्रोमीटर मिटला. शून्य आलं नाही. दोन घरं आली.

त्यांनी चष्मा पुसला, तोंडं उघडून खिडकीपाशी नेली. तोंडाच्या पोलादी चकतीवर एक पिवळसर, चकाकणारा पापुद्रा होता. नखाने खरवडला तर चिकट निघाला. त्यांनी बोट नाकाला लावलं आणि त्यांना काही विचारायची गरज उरली नाही. करडईच्या तेलाच्या बाटलीच्या गळ्याशी, कढईच्या कानांना जो राळेसारखा थर धरतो, जो राखेनेही निघता निघत नाही, तोच. दर शनिवारी एक बोट, एवढ्या प्रेमाने.

रॉकेलच्या बोळ्याने त्यांनी दोन्ही तोंडं पुसली. मिटलं. शून्य. शाफ्ट मापला. दोन घरं कमी.

"तुला कधी कळलं?" त्यांनी आवेजला विचारलं.

"पहिल्याच दिशी शंका आल्ती. दुसरा मायक्रोमीटर दावला तुमाला."

"मग फुल्या मारल्यावर गप्प का बसलास? कापत का गेलास?"

आवेजने किसाचा एक तुकडा बोटात फिरवला. "साहेबांचं माप खोटं हाय म्हनायचं तुमाला? माझ्याच्यानं न्हाई झालं. आन टिपा लपवलेल्या. चोराच्या मनात चांदनं."

पंकजाने दुसरीकडे बघत चहाचा कप उगाच ओठाला लावला. तो कधीच संपला होता.

लिडियाबाईंनी फोन काढला आणि त्या दोघांसमोरच नगरच्या टर्नरला कळवलं की सोमवारी येऊ नका. कुठला टर्नर, हे आवेजने विचारलं नाही. त्याचा चेहरा मात्र पांढरा पडला आणि बाईंनी ते पाहिलं.

"मॅडम," त्या पंकजाला म्हणाल्या, "तुमच्या कागदावर लिहा, माप मालकिणीने चुकवलं. टर्नरने नाही. वीस शाफ्ट नवे करून देऊ. हे दुरुस्त होणार नाहीत, कापलेलं लोखंड परत लावता येत नाही."

पंकजा लिहून निघून गेली. आवेज नवी सळई घेऊन लेथकडे वळला, तेव्हा लिडियाबाईंनी टिपांची डबी उचलून मशीनच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"इथं ठेवत जा. खिशात परत दिसली तर बघ," त्या म्हणाल्या. "आणि मिटून बघायचं काम सोमवारपासून तुझं. मी मापणार, पण तू आधी रिकामं बघणार."

"बरं, बाई."

"आणि मला खोटं वाटलं तर मी पुन्हा विचारणार. संशयी बाई आहे मी, तुला माहीत आहे."

"लई माहीत हाय," आवेज म्हणाला आणि त्याने मशीन सुरू केलं.

त्या संध्याकाळी करडईच्या तेलाची बाटली टेबलाच्या खणातून निघून स्वयंपाकघरात, फोडणीच्या डब्याशेजारी गेली. आणि सोमवारी सकाळी झाडताना लिडियाबाईंनी सुपलीतला निळा कीस उजेडात धरला, बराच वेळ बघितला, आणि त्यात एखादा पांढरा तुकडा तर नाही ना, हे शोधू लागल्या.