एका सेलचं तीर्थ

मेढ्याचे निवृत्त हवालदार मानसिंग इन्व्हर्टरची बॅटरी रिक्षातून आम्रपालीच्या बॅटरीच्या दुकानात घेऊन आले. तिनं सहाही बुचं उघडून प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची घनता तपासली.

"काका, पाच सेल ठीक हायत. कडेचा मेलाय. ह्या सेलात पाणी कुठलं घातलं?"

"वाईच्या घाटावरचं तीर्थ. आमच्या मंडळीनं श्रद्धेनं घातलं."

"आवं, हिला डिस्टिल्ड पाणीच लागतं. क्षारांनी प्लेटा खराब होत्यात."

"मग पाचावर भागंल का?"

"न्हाई. सहा मिळून बारा व्होल्ट. एक गेला की बॅटरी गेली."

मानसिंगांनी नवी बॅटरी आणि डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन घेतला. घरी बायकोनं, मनुबाईंनी विचारलं, "जुनीला काय झालतं?"

"वय झालतं."

"तरी तीर्थामुळं एवढी टिकली."

"व्हय," म्हणत मानसिंगांनी डिस्टिल्ड पाण्याचा कॅन ट्रंकेमागं सारला.