आलेखातला हिवाळा

"ही काळी पट्टी कुठून उपटली रे?" दाफिनका पडद्याला नाक लावून म्हणाली.

मी शेजारच्या टेबलावर चीज भरलेली पापुद्र्यांची बनित्सा खात होतो. बोटांचे तूप कागदाला पुसून उठलो. आलेख झकास आला होता. डावीकडे खालून निघालेली रेघ उजवीकडे वरपर्यंत सरळ चढत गेली होती. फक्त डाव्या कडेला, जिथे धुळीचे आकडे लिहून यायला हवेत, तिथे आकड्यांवर आकडे बसून काजळ फासल्यासारखे झाले होते.

"आकड्यांची दाटी झालीय. काढून टाक," मी म्हणालो. "लोक रेघ बघतात, आकडे कोण बघतं?"

तिने इंटरनेटवर शोधाशोध केली, एक ओळ लिहिली आणि पट्टी गेली. मीही पुन्हा बनित्सेकडे वळलो.

आमच्या नगरपालिकेचा पर्यावरण विभाग म्हणजे दाफिनका रुसेवा, मी आणि एक खिडकी. खिडकीतून सिमेंट कारखान्याची भट्टी दिसते. दर महिन्याला प्रयोगशाळेतून हवेतल्या धुळीची सरासरी येते आणि दाफिनका ती साठवून ठेवते. इतक्या वर्षांत ती सगळी एकत्र मांडून बघावी असे कुणाला वाटले नव्हते, मला तर नाहीच. पण कारखान्याने दुसऱ्या भट्टीची परवानगी मागितली आणि खालच्या आळीतल्या बायका दाफिनकाकडे आल्या. शुक्रवारच्या सभेत दाखवायला सगळी वर्षे एका कागदावर हवीत, म्हणाल्या. त्यांतल्या बहुतेक जणी भट्टीवरच्या कामगारांच्या विधवा. दाफिनकाही त्यांतलीच. तिचा मित्को वर्षानुवर्षे भट्टीवर राबून फुप्फुसांच्या आजाराने गेला. कारखान्याचा डॉक्टर म्हणाला, सिगारेटने.

आलेखासाठी ती पन्नाशी उलटल्यावर वाचनालयातल्या वर्गाला जाऊन पायथन ही संगणकाची भाषा शिकली. "चुकलं की लाल अक्षरांत शिव्या देतं," ती सांगायची. "पण सासूपेक्षा बरं. कुठल्या ओळीत चुकलं तेवढं तरी सांगतं."

संध्याकाळी सेवदामावशी येऊन आलेख घेऊन गेली. या बायकांची ती म्होरकी. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेले पत्रक दारावर लावतात आणि दर वर्षी नवे लावतात. "हा कागद त्याच्या शेजारीच चिकटवते, प्रत्येक दारावर," मावशी म्हणाली. "आंधळ्यालासुद्धा दिसेल धूळ कशी वाढत गेलीय ते."

दुसऱ्या दिवशी दाफिनका उशिरा आली. सकाळी तिच्या दारात हिवाळ्याची लाकडे येऊन पडली होती, ती रचून आली होती. कोट न काढताच तिने संगणक चालू केला आणि बघत बसली.

"नास्को, यात हिवाळा कुठंय?"

"म्हणजे?"

"अरे, ऑक्टोबर लागला की गावभर चुली पेटतात, धूळ वाढते. वसंतात उतरते. दर वर्षीचं आहे. ही रेघ बघ, एकदाही खाली येत नाही. या गावात कधी उन्हाळा आलाच नाही की काय?"

मी म्हणालो, असेल काहीतरी. माझे हे ठरलेले उत्तर आहे. तिने मी काढायला लावलेले आकडे परत आणले आणि आलेख इतका उंच केला की छापताना पानाला पान जोडावे लागले. ती पाने जमिनीवर पसरून ती गुडघ्यांवर बसली. अठराच्या वर एक्केचाळीस, त्याच्या वर सव्वीस, त्याच्या वर बारा. आकडे चढत्या क्रमाने नव्हतेच. जसे आले तसे एकावर एक रचले होते.

आमच्या देशात दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम देतात, आणि प्रयोगशाळाही तसेच देते. पायथनच्या त्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीला, म्हणजे तयार आज्ञांच्या संचाला, तिथे टिंब लागते. स्वल्पविराम दिसला की तिला तो आकडा नाही, शब्द वाटतो, आणि शब्दात लहानमोठे काय बघणार? येईल तो नवा शब्द ती मागच्याच्या वर ठेवत गेली. म्हणून रेघ चढत गेली. लाल अक्षरे आलीच नाहीत.

दाफिनकाने एका ओळीत सगळे स्वल्पविराम काढून टिंबे घातली. आलेख पुन्हा आला तेव्हा त्यात हिवाळे होते, उन्हाळे होते. आणि सगळी रेघ डावीकडून उजवीकडे खाली उतरत होती.

"धूळ कमी झालीय," मी म्हणालो. मला तिच्याकडे बघवेना. "दाफिनका, कुणाला कळणार नाही. कालचाच दाखव. काम तर चांगलंच आहे ना?"

"मला कळलंय ना."

तिने टेबलावरची कचेरीची किल्ली उचलली आणि खालच्या आळीत गेली. मीही मागोमाग गेलो. मावशीने दारातच गाठले.

"तुझाच नवरा गेला, आणि तूच त्यांच्या पंक्तीला जाऊन बसतेस?"

"मी कुणाच्या पंक्तीला नाही बसले, मावशी. कागद चुकलाय. माझ्या हातून चुकलाय."

"बाईपणाला तरी जागायचंस."

"शिव्या दे. पण खोटा कागद मी सभेत नाही लावणार." आणि तिने स्वतःच्या नखाने दारावरचा आलेख खरवडून काढला. शेजारच्या फोटोला धक्का लागू दिला नाही. मावशीने दार लावून घेतले. तिथून दाफिनका एकेका दाराला गेली.

शुक्रवारी सभेत प्रोजेक्टरने भिंतीवर खरा आलेख उमटला तेव्हा कारखान्याचे इंजिनियर वेल्चेव खुशीत उठले. "रुसेवाबाईंचे आभार. फिल्टर बसवल्यापासून धूळ निम्म्यावर आलीय, त्यांनीच दाखवलं."

"खरंय," दाफिनका म्हणाली. "आता त्याच्या आधीचं बघू." तिने आलेखावर एक लाल आडवी रेघ आणली. "ही मर्यादा. तुम्ही म्हणायचात, ती कधी ओलांडली नाही. आणि धूळ दिसली तर ती आमच्या चुलींची. हा जुलै बघा. हा पुढचा जुलै. हा त्याच्या पुढचा. जुलैत कुणाच्या घरी चूल पेटलेली असते, साहेब?"

तिन्ही जुलै लाल रेघेच्या वर होते.

"तेव्हाचे नियम वेगळे होते," वेल्चेव म्हणाले.

"फुप्फुसं हीच होती."

मग मतदान झाले. नगरसेवकांचे हात वर गेले, आणि भट्टीला परवानगी मिळाली. धूळ कमी झाली होती, हे तर भिंतीवरच दिसत होते. मला दाफिनकाचा राग आला आणि तिचा इतका अभिमान वाटला की कुठे बघावे ते कळेना.

खुर्च्या सरकल्या. लोक निघाले. सेवदामावशी मात्र दाराकडे न जाता भिंतीपाशी आली. त्या दिवसापासून ती दाफिनकाशी बोलली नव्हती.

"अठ्ठ्याण्णवचा जुलै कुठला गं?"

दाफिनकाने बोट ठेवून दाखवला. मावशीने त्यावर तळहात टेकला. लाल रेघ तिच्या हातावरून गेली.

"तेव्हा माझा नवरा कामाचे कपडे घरी आणायचा," ती म्हणाली. "मी अंगणात झटकायची. पोरं शेजारी खेळत असायची."

मग दुसरी आली, तिने एक फेब्रुवारी विचारला. तिसरीने एक मे. शिपाई किल्ल्या घेऊन दारात थांबला होता, पण त्याने घाई केली नाही. दाफिनका एकेकीला तिचा महिना शोधून देत होती. शेवटची निघून गेल्यावर ती वायर गुंडाळायला लागली.

"आणि मित्कोचा?" मी विचारले.

"ही सगळी डावी बाजू," ती म्हणाली आणि प्रोजेक्टर बंद केला.