हिरव्या दोऱ्याचं ठिगळ

मुळशीच्या पाण्याखाली माशांचं घर आहे, ते मी आणि माझ्या मालकांनी बांधलं. फुटके सिमेंटचे पाइप, बाभळीच्या फांद्या, सगळं होडीतून नेऊन बुडवलं. मरळ तिथं पिल्लं सांभाळते. तिथं कुणी जाळं टाकायचं नाही, हा नियम माझा. गंगूबाईच्या शंभूनं तो मोडला, तेव्हा भर पारावर त्याला उभा केला आणि वर्षभर त्याची होडी पाण्याबाहेर ठेवायला लावली. तेव्हापासून गंगू माझ्याशी बोलत नाही. मी तरी कुठं अडले होते तिच्या बोलण्यावाचून?

यंदा कॉलेजातली नम्रता मासे मोजायला रोबो घेऊन आली. पिवळा, खोक्याएवढा, मागं लांबलचक वायर.

"आजी, दिवा लावला की खालचं सगळं इथं पडद्यावर दिसेल."

"दिवा लाव न्हाईतर आरती कर. माजी मरळ बिथरली न्हाई पायजे."

सगळी वस्ती काठावर जमली. गंगूही आली, लांब उभी राहिली. माझा शेखर तेवढा सकाळपासून कुरकुरत होता. "वायर अडकंल, आई. आज ऱ्हाऊ दे." मला वाटलं, लेकाला माशांची काळजी.

पडद्यावर पाइपाचं तोंड आलं. लाल पिल्लांचा घोळका आला. माझी छाती फुगली. मग रोबो अडकला. पाइपांभोवती जाळं होतं आणि त्यात मोठी मरळ लटकली होती.

"शंब्या, मुडद्या!" मी ओरडले. "पुन्यांदा?"

"मी न्हाई, काकी!"

सुटायच्या धडपडीत रोबो फिरला. उजेड जाळ्याच्या ठिगळावर पडला. हिरव्या दोऱ्याचं ठिगळ. उन्हाळ्यात दारात बसून मीच विणलेलं, शेखरसाठी.

"बंगलेवाले मोठीच मरळ मागत्यात," शेखर म्हणाला. "आन् परवा मरळीचं डोकं मागून घेतलंस ताटात, ती कुटली वाटली तुला?"

सून पदराशी चाळा करत खाली बघत होती. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक. जेवायला वाढताना कुणाचीच जीभ रेटली नाही.

"होडी काढ भाईर," मी म्हणाले. "वरीसभर."

"आन् खायाचं काय?"

"जाळं टाकताना मला इचारलं व्हतंस?"

तो हलला नाही. मीच होडीला हात घातला. ती जागची सरकेना.

गंगूनं शंभूला हाक मारली. "हात लाव रं. जड हाय वैनीची होडी."

ती हसली असती, तर मला उत्तर देता आलं असतं.